ओल्या महिन्यांतलं दार

माझा धाकटा भाऊ लाकडांचं वजन करतो. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, आणि लोकांना वाटतं की वखारीत लाकूड वजनावर विकत असतील आणि हा काट्यावर बसत असेल. तसं नाही. तो एकच फळी पुन्हा पुन्हा तोलतो. आज तोलली, आठ दिवसांनी तोलली, पुन्हा आठ दिवसांनी तोलली. ती हलकी होत जाते तोवर तिच्यातलं पाणी बाहेर पडतंय. लागोपाठ तीनदा वजन तेच भरलं की फळी वाळली असं समजायचं आणि मग ती सुताराच्या हवाली करायची. छत्तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलेलं नाही. वखारीत त्याला वाळवणमास्तर म्हणतात. घरी आम्ही दोघी त्याला काय काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही.

दोघी म्हणजे मी आणि त्याची बायको. ती गेल्या वर्षी ओल्या महिन्यांत गेली. दार अडकलं म्हणून गेली, असं आमच्या गल्लीत सगळे सांगतात. माझा भाऊही तसंच सांगतो. ते खोटं नाही, पण तेवढंच खरं नाही. उरलेलं फक्त मला माहीत आहे आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. भावाला तर नाहीच.

आधी त्याच्याविषयी सांगते. हा लहानपणापासून असाच. आमचे वडील आरागिरणीत करवतीवर होते. ते संध्याकाळी खिशातून लाकडाचा एखादा तुकडा आणायचे आणि हा तो गालाला लावून बघायचा. ओला असला तर गार लागतो म्हणे. इतर पोरं विटीदांडू खेळायची आणि हा ठोकळे गालाला लावून बसायचा. आईला वाटायचं पोरगं जरा कमी आहे. मलाही वाटायचं, आणि मी ते बोलूनही दाखवायचे. मी चार वर्षांनी मोठी, पुढे पोस्टाच्या खिडकीत अठ्ठावीस वर्षं लोकांवर ओरडण्यात गेली, तेव्हा जिभेला लगाम घालायची सवय मला लागलीच नाही.

वखारीत लागला तेव्हा त्याचं काम ओंडक्यांच्या तोंडाला मेण लावायचं होतं. ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला तोंड म्हणतात. सगळ्यात जास्त पाणी तिथूनच जातं आणि तिथूनच येतं. तोंड उघडं राहिलं तर टोक घाईनं वाळतं, मधला भाग मागे राहतो आणि ओंडका तडकतो. मग फळ्यांची थप्पी रचायला शिकला. दोन फळ्यांच्या मध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या, सगळ्या बरोबर एकाखाली एक, वारा आरपार जाईल अशा. मग तोलायला शिकला. हे सगळं तो घरी येऊन आम्हाला जेवताना ऐकवायचा.

चोविसाव्या वर्षी त्याच्या हातून एक चूक झाली. वखारमालकाच्या घरचं एक दार ओल्या महिन्यांत अडकायला लागलं. मालकानं याला पाठवलं. यानं रंधा घेतला, कड तासली, दार लोण्यासारखं फिरायला लागलं आणि हा खूश होऊन घरी आला. मग कोरडे महिने आले. लाकडानं पाणी सोडलं, दार आकसलं आणि चौकटीत ही एवढी फट पडली. मालकानं त्याला वखारीत सगळ्यांच्या देखत बोलावलं. म्हणाला, "उपकार झाले बाबा तुझे. आमच्या मांजरासाठी आता दार उघडावं लागत नाही." चाळीस माणसं हसली. त्या दिवशी हा घरी येऊन जेवला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ताई, लाकडाचं काही चुकलं नाही. माझं चुकलं. फुगलेल्या दाराला रंधा लावायचा नाही. कधीच नाही."

तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं. माणूस चुकीतून शिकला, असं मला वाटलं.

लग्न त्याचं उशिरा झालं. लग्न ठरल्यावर ती एकदा वखार बघायला आली होती. किडकिडीत, मोठ्या डोळ्यांची, दर दोन वाक्यांनी थांबून श्वास घेणारी. तिला दमा होता आणि तो तिनं लपवलेला नव्हता. वखारीच्या कोपऱ्यात जहाजानं आलेल्या कुठल्याशा लाल, जड लाकडाच्या फळ्या पडल्या होत्या. त्याचं खरं नाव वखारीत कुणाला नीट घेता यायचं नाही, लालबोंद म्हणायचे. तिनं त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "किती छान रंग आहे हो." झालं. हा तिथेच विरघळला. मागच्या खोलीचं दार त्यानं त्या लाकडाचं केलं.

त्याला माहीत होतं की ते लाकूड दाराला बरं नाही. साग कमी पितो आणि कमी सोडतो, म्हणून साग शहाणा. हे लालबोंद पिताड. हे तो स्वतःच सांगायचा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला सगळी शाळा शिकवली. लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. बारीक नळ्या असतात, त्यांच्या पोकळीत एक, आणि नळ्यांच्या भिंतींत मुरलेलं दुसरं. पोकळीतलं गेलं की फळी नुसती हलकी होते. भिंतींतलं जायला लागलं की आकसते. आणि गेलेलं पाणी कायमचं जात नाही. हवा ओली झाली की लाकूड पुन्हा पितं, हवा कोरडी झाली की सोडतं. झाड कापून शंभर वर्षं झाली तरी त्याचं हे चालूच.

"शंभर वर्षं?" ती म्हणाली. "बरं आहे बाई. त्याला दमा नाही."

"आणि लांबीला वाढत नाही," हा आपल्याच नादात, "वाढतं ते रुंदीलाच."

"वन्संसारखं," ती हळूच म्हणाली, आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तेव्हापासून आमचं जमलं. नणंद-भावजयीचं असं जमलेलं मी दुसऱ्या घरात पाहिलेलं नाही, हे मी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटेल.

घर असं होतं. पुढची खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर, बाजूला मागची खोली, आणि दोन हात रुंद बोळापलीकडे माझी एक खोली, मागच्या खोलीतलं खुट्ट झालेलंही ऐकू येईल अशी. मी लग्न केलं नाही, ते का नाही हा इथला विषय नव्हे. पुढच्या खोलीत भावाचं कामाचं टेबल. सुट्टीच्या दिवशी तो तिथे खोकी, स्टुलं, काहीबाही करायचा. भुसा सगळीकडे. त्याच्या कपड्यांवर भुसा, भुवयांत भुसा. तिला तो सोसायचा नाही, दोन मिनिटांत छाती वाजायला लागायची. म्हणून ती मागच्या खोलीत दार लावून बसायची. ती रफू करायची. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर कुणाचा तरी कोट, सुई टोचू नये म्हणून बोटात पितळी अंगुस्तान. तिनं बुजवलेलं भोक कपडा उन्हात धरला तरी सापडायचं नाही.

दार इतकं चपखल बसवलं होतं की कोरड्या महिन्यांतही कडेनं पोस्टकार्ड जायचं नाही. तिच्या छातीत भुसा जाऊ नये म्हणून. हे त्यानं प्रेमानं केलं होतं, याविषयी मला कधीही शंका नव्हती आणि आजही नाही.

पण कोरड्यात पोस्टकार्ड जात नाही म्हटल्यावर ओल्यात काय होणार? पहिल्याच वर्षी दार दोन सूत, म्हणजे पाव इंच, फुगलं आणि चौकटीत रुतून बसलं. ते आतल्या बाजूला उघडायचं. आतून तिला ओढावं लागायचं, आणि तिच्या हातांत तेवढी ताकद नव्हती. मुठीला वर उचलून, चौकटीला पाय लावून ओढलं तर कधी यायचं, कधी नाही. नाही आलं की ती अंगुस्तानानं दारावर दोनदा टकटक करायची आणि आमच्यापैकी कुणीतरी जाऊन बाहेरून खांदा द्यायचं. "आली राणीसाहेबांची वर्दी," असं म्हणत मी उठायचे. दार धाडकन उघडायचं, मी जवळजवळ तिच्या मांडीवर जाऊन पडायचे आणि दोघी हसायचो. अशी अठरा वर्षं गेली.

अठरा वर्षं मी त्याला सांगत होते की दार तास. ओल्या महिन्यांत म्हणायचा, "आता नाही ताई. आता फुगलंय. कोरड्यात फट पडेल, भुसा आत जाईल, तिचेच हाल." कोरड्या महिन्यांत सांगावं तर दार झकास फिरत असायचं. "आता कुठे अडकतंय?" म्हणायचा. त्याचंही चुकत नव्हतं. ओल्यात तासता येत नव्हतं आणि कोरड्यात तासायचं कारण उरत नव्हतं. दरवर्षी तो चौकटीवर पेन्सिलीनं रेघ मारायचा, दार कुठवर फुगलं त्याची, आणि शेजारी महिना लिहायचा. लोक पोरांची उंची भिंतीवर लिहितात ना, तसं. त्यांना मूल नव्हतं.

दार उघडं ठेवून पाहिलं होतं, स्टूल अडकवून. दोन दिवसांत ती इतकी खोकली की डॉक्टरकडे न्यावं लागलं. सागाचं नवं दार करतो म्हणाला होता एकदा. तीच नको म्हणाली. म्हणाली, "हे माझं आहे." तेलाचे हात दिले होते त्यानं. तेलानं उशीर होतो, थांबत काही नाही, असं स्वतःच म्हणायचा. मी पडदा सुचवला तर दोघंही माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी गोठ्यात राहायला जा म्हटलं.

गेल्या वर्षी ओले महिने संपेचनात. बरणीतल्या मिठाचं पाणी झालं, काड्यापेटी पेटेना, चपलांना बुरशी आली. वखारीत भावाच्या नमुन्याच्या फळ्यांचं वजन उतरायच्या ऐवजी चढत होतं. दार अठरा वर्षांच्या सगळ्या रेघा ओलांडून गेलं. ती दिवसातून चार-पाच वेळा टकटक करायची. भाऊ दिवसभर वखारीत, म्हणजे खांदा द्यायला मी. माझे गुडघे तोवर गेले होते. बोळ ओलांडून तिथवर जायचं म्हणजे मला चढण चढल्यासारखं व्हायचं.

त्या दिवशी सकाळी माझा तोल सुटला. भाऊ डबा घेऊन निघाला होता. मी वाटेत उभी राहिले.

"आज रंधा लाव नाहीतर ते दार उचकटून फेकून दे," मी म्हटलं.

"तीन आठवडे, ताई. हवा बदलतेय, वजन चढायचं थांबलंय, काट्यावर दिसतंय मला. तीन आठवड्यांनी बघ, एका बोटानं उघडेल."

"तीन आठवडे मी काय तुझी हमाल आहे? तू काट्यावर बसून राहतोस, दार कोण ढकलतं?"

"आता लावला रंधा तर…"

"तर मांजर जाईल! माहीत आहे! आयुष्यभर ते एक मांजर उराशी धरून बसलास." त्याचा चेहरा पडला, पण मी थांबले नाही. "आजपासून मी ढकलणार नाही. वाजवू दे तिला. तू संध्याकाळी येशील तेव्हा तुझी बायको आत कोंडलेली सापडू दे, मग उघडतील तुझे डोळे."

ती मागच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात कुणाची तरी काळी पँट. "वन्सं, कशाला एवढं डोकं तापवता?" ती म्हणाली. "मला कुठे जायचंय? बसायचं तर आतच आहे." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "एका बोटानं ना हो? मग झालं तर." तो हसला आणि गेला. तिनं दार लावून घेतलं. ते लावतानाच चरचरलं.

दुपारी मी माझ्या खोलीत शब्दकोडं सोडवत बसले होते. तीन वाजून गेले असतील. टकटक, दोनदा. मी उठले नाही.

हे मी सरळ लिहिते. मला ऐकू आलं. मला चांगलं ऐकू येतं. मी मनात म्हटलं, आज नाही. आज बसू दे आत. संध्याकाळी त्याला बघू दे. मला तिचा राग नव्हता, त्याचा होता, आणि त्याला धडा शिकवायला माझ्या हाताशी तीच होती. पुन्हा दोनदा वाजलं. मी कोड्यातला एक शब्द भरला. मग बऱ्याच वेळानं आणखी एकदा वाजलं, हलकेच, आणि दाराला काहीतरी घासल्यासारखं झालं. मग शांत. मला वाटलं, उघडलं तिनं. मी स्वतःशी म्हटलंसुद्धा, बघ, एकटीला जमतं की. घड्याळात सव्वातीन झाले होते.

चार वाजता चहाला विचारायला गेले तर दार बंद. हाक मारली. पुन्हा मारली. खांदा लावला तर माझाच गुडघा मुडपला. मी बोळात जाऊन ओरडले. समोरचा बसड्रायव्हर बनियनवर धावत आला, दणादण तीन धक्के मारले तेव्हा दार वीतभर सरकलं आणि अडलं. आता ते फुगण्यानं अडलेलं नव्हतं. मागे ती होती.

तिच्या हातात दम्याचा पंप होता, संपलेला. नवा पुढच्या खोलीतल्या फडताळात होता. दारापासून मोजून दहा पावलं. अंगुस्तान बोटातच होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्रास केव्हापासून होत होता?" मी म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "अर्धा तास आधी आणलं असतं तर…" आणि माझ्याकडे बघून थांबल्या. पोरगी भली होती. तेवढ्यात भाऊ आला. भुवयांत भुसा तसाच. त्यानं तिच्याकडे पाहिलं, तिच्या गालाला आपल्या हाताची मागची बाजू लावली, आणि मला विचारलं, "तिनं वाजवलं नाही, ताई?"

"मला ऐकू नाही आलं रे," मी म्हटलं. "माझा डोळा लागला होता."

त्यानं मान डोलावली. त्याला ते लगेच पटलं. मी त्याच्याशी कधी खोटं बोलले नव्हते, ओरडले होते फक्त.

तीन आठवड्यांनी हवा बदलली. त्यानं सांगितलं होतं तशीच, दिवस मोजून. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर तो मागच्या खोलीच्या दारापाशी उभा होता. त्यानं एक बोट लावलं. दार निमूटपणे आत गेलं. त्यानं ओढून घेतलं, पुन्हा बोट लावलं, पुन्हा आत गेलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हटलं होतं ना." आवाजात काहीच नव्हतं, जसं कुणी काट्यावरचा आकडा वाचून दाखवावा. मी चहा टेबलावर ठेवला आणि माझ्या खोलीत येऊन तोंडात पदर कोंबून रडले.

त्याच दिवशी त्यानं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. जमिनीवर आडवं केलं आणि खालची कड बघून मटकन खाली बसला. मला हाक मारली. "ताई, हे बघ." मला काही दिसेना. त्यानं माझं बोट धरून कडेवरून फिरवलं. कोरडी, खरखरीत, काळपट पडलेली. दाराला सगळीकडे तेल होतं, तिथे नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी दार फरशीला घासत होतं म्हणून त्यानं खालून सूतभर कापलं होतं आणि घाईत तसंच चढवलं होतं. ती फळ्यांची तोंडं होती. रोज फरशी पुसली जायची, आणि दार तिथून अठरा वर्षं पीत होतं.

"वखारीत एकेका ओंडक्याच्या तोंडाला मी मेण लावलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाच्या हातचं मला चालायचं नाही. आणि माझ्या घरात हे असं." मग तो रडला. दवाखान्यात रडला नव्हता, नंतरही नाही. त्या कडेवर हात ठेवून रडला. "मीच मारलं तिला, ताई."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, अरे वेड्या, दार अडकलं होतं खरं, पण तिनं वाजवलं होतं, आणि मी कोडं सोडवत बसले होते. एवढंच तर होतं. पोस्टाच्या खिडकीत मी पाच हजार माणसांना त्यांची चूक तोंडावर सांगितली असेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे. आता बोलून काय उपयोग?"

त्याला त्याचा गुन्हा सापडला आणि त्यानं तो घट्ट धरला. मी धरू दिला.

त्यानंतर त्यानं रंधा लावला. कोरड्या महिन्यांत, म्हणजे जेव्हा लावायला हरकत नव्हती तेव्हा. पहिल्यांदा चौकटीवरच्या शेवटच्या रेघेचा हिशेब धरून तासलं, म्हणजे नेमकं जेवढं तासायला हवं होतं तेवढं. त्या कडेला मेण लावलं, दार चढवलं. तिथे थांबायला हवं होतं. पुढच्या सुट्टीला पुन्हा उतरवलं आणि आणखी तासलं. त्याच्या पुढच्या सुट्टीलाही. लालबोंदाच्या पातळ सालींसारख्या ढलप्यांनी पुढची खोली भरायची. तो त्या गोळा करायचा आणि सवयीनं घरच्या काट्यावर तोलायचा, पण आकडा कुठे लिहायचा नाही. मी म्हटलं, "बस कर आता, दार उरायचं नाही." तो म्हणाला, "नको उरू दे." टेबल त्यानं बाहेर काढलं. आता घरात भुसा नाही आणि तो ज्याला सोसत नव्हता असंही कुणी नाही.

आता पुन्हा ओले महिने आहेत. दार फुगलंय, दोन सूत, नेहमीसारखं. तरी चौकटीपासून तीन बोटं दूर आहे. मालकाचं ते मांजर खुशाल ये-जा करील, असं एकदा माझ्या जिभेवर आलं होतं, मी गिळलं. वखारीत तो जातो, पण थप्पी दुसरे रचतात. संध्याकाळी आला की मागच्या खोलीत तिच्या खुर्चीवर बसतो. दार पुढे केलेलं असतं आणि फटीतून मला त्याचा गुडघा आणि एक हात दिसतो. जेव म्हटलं की जेवतो.

परवा मी ठरवलं. तशी मी रोज ठरवते, पण परवा खरंच ठरवलं. असं किती दिवस त्यानं एकट्यानं वाहायचं? त्याला कळलं तर तो मला घरातून काढेल, काढू दे. निदान त्या खालच्या कडेवरून त्याचा हात उठेल. मी बोळ ओलांडून त्याच्या दारापाशी आले. फटीतून तो दिसत होता. तशीच आत जाऊ शकले असते. पण माणूस बसलेला असला की दार वाजवावं, म्हणून मी बोटाच्या पेरानं वाजवलं. दोनदा.

तो असा उठला की खुर्ची मागे उलथली. दोन ढांगांत दारापाशी आला, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि जिवाच्या आकांतानं ओढली. अडकलेलं काही नव्हतंच. दार भिंतीवर आपटलं आणि तो मागच्या मागे पडता पडता सावरला. धापा टाकत माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्या भुवयांकडे पाहिलं. पांढऱ्या झाल्या होत्या, आणि तो भुसा नव्हता.

"तू होय," तो म्हणाला. मग खुर्ची सरळ करत म्हणाला, "काही हवंय का ताई?"

"नाही रे," मी म्हटलं. "चहा टाकतेय. घेशील ना?"

तो म्हणाला, "अर्धा कप."